हलक्या विमानाच्या एक्झॉस्टची उष्णता कशी हाताळावी: नव्यांसाठी पायरीपायरीने

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा ते तिसरा हिस्सा प्रॉपेलरपर्यंत पोचतो. काही उष्णता सिलिंडरच्या पात्यांवरून आणि तेलातून हवेत जाते, आणि ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा तापलेल्या वायूबरोबर एक्झॉस्टमधून बाहेर पडते. म्हणजे १०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चालत असताना एक्झॉस्टमधून १०० अश्वशक्तीहून जास्तच उष्णता वाहत असते. तिचा मोठा भाग टेलपाइपमधून थेट मागे फेकला जातो आणि त्याची काळजी करायचं कारण नाही. काळजी आहे ती पाइपच्या भिंतीतून काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, आत पसरणाऱ्या काही किलोवॉटची. कारण त्याच बंदिस्त जागेत पेट्रोलच्या नळ्या, रबरी होज, प्लगला ठिणगी पुरवणारे मॅग्नेटो, वायरिंग आणि बहुतेक वेळा ग्लास फायबरची काउलिंगही असते.

नव्या माणसाचा हात पहिल्यांदा जातो तो पाइपला गुंडाळायच्या पट्टीकडे. ती बाजारात सहज मिळते, गाडीवाले आणि मोटरसायकलवाले वापरतात, आणि लावली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. या लेखातला क्रम वेगळा आहे: आधी उष्णता कुठून येते आणि कुठे साठते ते मोजायचं, मग हवा आणि अंतर, मग आडोसा. गुंडाळण्याची वेळ बहुतेक विमानांवर येतच नाही.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट. विमान कारखान्यात बनलेलं आणि टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या आराखड्याला सरकारी मान्यता) असलेलं असेल, तर एक्झॉस्टमध्ये किंवा काउलिंगमध्ये स्वतःच्या मर्जीने बदल करता येत नाही. साधा पत्र्याचा आडोसा लावायलाही मंजूर आराखडा आणि परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. अशा विमानाच्या मालकाने पाहणीचा आणि उड्डाणानंतरच्या सवयींचा भाग नीट वाचावा. स्वतः बांधलेल्या किंवा एक्सपेरिमेंटल गटातल्या विमानाला सगळ्या पायऱ्या लागू होतात. दोन्हीकडे इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा आणि इथला आकडा यांत फरक पडला, तर मॅन्युअल खरं.

पायरी १: आधी सिलिंडरच्या आत बघा

एक्झॉस्ट जास्त तापतंय असं वाटलं, तर पाइपला हात लावण्यापूर्वी ज्वलनाकडे बघायला हवं. एक्झॉस्ट वायूचं तापमान, म्हणजे ईजीटी, लायकमिंग किंवा कॉन्टिनेन्टलसारख्या इंजिनांत क्रूझला साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअस दिसतं. कार्ब्युरेटरवाल्या रोटॅक्स ९१२ यूएलएसला ८८० अंशांची कमाल मर्यादा आहे. थर्मोकपल, म्हणजे पाइपमध्ये खुपसलेला तापमान मोजणारा प्रोब, दाखवतो तो आकडा सरासरीचा असतो. वायू धक्क्याधक्क्याने येतो आणि मधल्या वेळेत प्रोब थंड होतो, त्यामुळे झडप उघडते त्या क्षणीचा वायू मीटरवरच्या आकड्यापेक्षा गरम असतो.

म्हणूनच दोन सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी जुळवत बसण्यात फार अर्थ नाही. प्रोब फ्लँजपासून (पाइप सिलिंडरला जोडणाऱ्या चपट्या कड्यापासून) ५ सेंटिमीटरवर आहे की १० वर, एवढ्यानेही आकडा सरकतो. प्रोब बसवतानाच सगळे एकसारख्या अंतरावर बसवा, आणि नंतर प्रत्येक सिलिंडरचा आजचा आकडा त्याच सिलिंडरच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून बघा.

ईजीटी अचानक वाढण्याची कारणं ठरलेली आहेत. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं. एक स्पार्क प्लग बंद पडला: दोन प्लगपैकी एकच पेटत असला की जळणं लांबतं आणि वायू जास्त गरम अवस्थेत बाहेर येतो. मॅग्नेटो एकेक बंद करून तपासताना ईजीटी वर जातं ते याच कारणाने, आणि तसं ते जायलाच हवं. इग्निशनचं टायमिंग उशिराचं असलं तरी असंच होतं, पण तेव्हा सिलिंडर हेडचं तापमान उलट उतरतं. ईजीटी वर आणि हेड खाली, अशी जोडी दिसली की टायमिंग तपासा. इनटेकच्या रबरी जोडातून हवा आत शिरत असेल, तर कमी थ्रॉटलला त्या एका सिलिंडरचं मिश्रण पातळ होतं आणि पूर्ण थ्रॉटलला फरक जवळजवळ नाहीसा होतो, कारण तेव्हा आत-बाहेरच्या दाबात फारसं अंतर उरत नाही. हा दोष एका उड्डाणात सापडतो.

यातलं काहीही बिघडलेलं असताना आडोसे लावत बसलात, तर रोग तसाच राहील आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळेल.

पायरी २: कागदी लेबलांनी नकाशा काढा

ठरावीक तापमानाला कायमची काळी पडणारी चिकटपट्टीची लेबलं मिळतात. एकेका पट्टीवर पाच-सहा चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोन वेगळ्या तापमानाला काळा होतो. माझ्या मते नव्या माणसाने विकत घ्यावी अशी पहिली वस्तू हीच. ती पुढल्या जागांवर चिकटवा: दोन्ही मॅग्नेटो, इंजिनावरचा फ्युएल पंप, गॅस्कोलेटर (पेट्रोलमधलं पाणी-गाळ अडवणारी वाटी), कार्ब्युरेटरची वाटी, इग्निशन मॉड्यूल आणि रेग्युलेटर, इंजिन माउंटच्या रबरांजवळ, टेलपाइपच्या वर आणि खाली काउलिंगच्या आतून, आणि फायरवॉलची, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीची, केबिनकडची बाजू, पायांच्या पेडलांजवळ.

एक बारीक मेख आहे. लेबल सर्वांत जास्त तापमान नोंदवतं, ते कधी आलं हे सांगत नाही. म्हणून दोनदा मोजा. पहिल्या दिवशी नेहमीचं उड्डाण करा, लांब चढाई घ्या, उतरल्यावर इंजिन बंद करून लगेच काउलिंग उघडा आणि आकडे लिहून घ्या. नवी लेबलं लावून दुसऱ्या दिवशी तसंच उड्डाण करा, पण बंद केल्यावर काउलिंग अर्धा तास तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशीचे आकडे जिथे जास्त येतील, तिथला त्रास उड्डाणातला नसून उभ्या विमानातल्या कोंडलेल्या धगीचा आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्यामुळे हा भेद कळणं महत्त्वाचं.

इन्फ्रारेड बंदुकीवर इथे भिस्त ठेवू नका. चकचकीत स्टेनलेस स्टील झळ कमी बाहेर टाकतं आणि आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवतं, म्हणून बंदूक खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आकडा सांगते. काउलिंगच्या रंगवलेल्या पृष्ठभागावर ती ठीक चालते. पाइपच्या बाबतीत पत्र्यावर चढलेला रंगच ढोबळ अंदाज देतो: फिका पिवळा ३०० अंशांच्या आसपास, जांभळट ४५० कडे, गडद निळा ६०० च्या जवळ.

आकड्यांचा अर्थ लावताना तीन मर्यादा लक्षात असाव्यात. घरगुती बांधणीतल्या इपॉक्सी रेझिनला ६० ते ९० अंशांच्या पट्ट्यातच मऊपणा येऊ लागतो. पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टरची मर्यादा वेगळी असते, म्हणून काउलिंग कशाची आहे ते आधी विचारून घ्या. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलना साधारण ८० अंशांच्या आसपास हद्द असते. आणि पेट्रोलची गोष्ट सर्वांत नाजूक: विमानाच्या एव्हगॅसचा बाष्पदाब ३८ ते ४९ किलोपास्कल असा बांधून दिलेला आहे. गाडीचं पेट्रोल ऋतूनुसार बदलतं आणि थंडीसाठी बनवलेलं पेट्रोल कितीतरी लवकर उकळतं. थंडीतलं पेट्रोल टाकीत शिल्लक असताना पहिला गरम दिवस उजाडणं, हा नळीत वाफ अडकून पेट्रोल तुटण्याचा सर्वांत धोक्याचा काळ.

पायरी ३: हवेला वाट आणि पाइपला जागा

काउलिंगखालची हवा आत किती येते यापेक्षा बाहेर किती सहज जाते यावर सगळं अवलंबून असतं. आत आलेली हवा तापून फुगते, म्हणून बाहेर पडायची वाट आत यायच्या तोंडांपेक्षा मोठी लागते. सिलिंडरभोवती हवा वळवणाऱ्या बॅफलच्या पत्र्याची रबरी कड जिथे वळून बसली असेल किंवा फाटली असेल, तिथून हवा पात्यांमधून न जाता सरळ खाली निसटते. ती कड नीट करायला एक दुपार पुरते, आणि तिचा फायदा बऱ्याच महागड्या आडोशांपेक्षा जास्त दिसतो.

टेलपाइप बाहेर जाणाऱ्या हवेच्या तोंडातून नेता आला तर उत्तम. वेगाने निघणारा वायू शेजारची हवा सोबत ओढतो आणि पाइपचा सर्वांत गरम बाहेरचा तुकडा वाहत्या हवेत राहतो. पाइपचं टोक मात्र काउलिंगच्या कडेपाशी संपू देऊ नका, काही सेंटिमीटर पुढे असू द्या. नाहीतर काउलिंगच्या ओठावर आणि विमानाच्या पोटावर तपकिरी डाग पडू लागतील, आणि तो वायू केबिनच्या फटींमधून आतही येऊ शकतो.

अंतराबद्दल बांधणाऱ्यांमध्ये चालणारा ठोकताळा असा: आडोसा नसेल तर पाइप आणि दुसऱ्या कोणत्याही वस्तूमध्ये किमान ५० मिलिमीटर, आडोसा असेल तर किमान २५. पेट्रोलच्या नळीला याहून जास्त, आणि शक्य असेल तर ती नळी एक्झॉस्टच्या वरून न नेता दुसऱ्या बाजूनेच न्या. हे अंतर इंजिन स्थिर असताना मोजून भागत नाही. इंजिन सुरू होताना आणि विशेषतः बंद होताना रबरी माउंटवर जोरात हिसका खातं. शंका असलेल्या जागी मातीचा किंवा मेणाचा गोळा लावून इंजिन एकदा सुरू-बंद करा. चेपलेला गोळा खरं अंतर सांगेल.

मॅग्नेटो आणि फ्युएल पंपावर थंड हवेचा झोत सोडण्यासाठी मागच्या बॅफलमधून २०-२५ मिलिमीटरची लवचिक नळी काढतात. उपाय स्वस्त आणि गुणकारी आहे. पण अशी प्रत्येक नळी सिलिंडरच्या वाट्याची हवा घेते, म्हणून लेबल जिथे काळं पडलं तिथेच ती द्या. पाच नळ्या काढून मग हेड का तापतात असं विचारणारे लोक सगळीकडे भेटतात.

पायरी ४: आडोसा

तापलेल्या पाइपची बहुतेक झळ किरणांनी पोचते, आणि किरणांचा हिशेब केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने चालतो. ४०० अंशांचा काळा पृष्ठभाग चौरस मीटरला साधारण १२ किलोवॉट झळ टाकतो, ८०० अंशांचा ७५. सेल्सिअसचा आकडा दुप्पट, झळ सहापट. त्यामुळेच सिलिंडरजवळच्या पहिल्या वळणावर एक छोटा आडोसा जे करतो, ते मागच्या बाजूला हातभर पत्रा लावूनही होत नाही.

मधे एक साधा पत्रा उभा केला तरी झळ निम्म्यावर येते, आणि पत्रा चकचकीत असेल तर आणखी उतरते. मात्र पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी हवा वाहती हवी. ०.४ ते ०.५ मिलिमीटरचा स्टेनलेस पत्रा घ्या, पाइपपासून १० ते १५ मिलिमीटर दूर ठेवा, दोन्ही टोकं उघडी सोडा. धरायला पाइपवर स्टेनलेसच्या होज क्लॅम्प आणि पत्र्याला वेल्ड केलेले छोटे पाय चालतात. क्लॅम्प सरळ तुकड्यावर असू द्या, वळणावर किंवा वेल्डच्या कडेला नको. तिथे आधीच ताण असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. पत्र्याच्या कडा दुमडून घ्या. न दुमडलेली कड थरथरत राहते आणि महिन्याभरात शेजारची वायर कापते.

ॲल्युमिनियमचा पत्रा पाइपवर चालत नाही. ते ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी ताकद सोडतं. ॲल्युमिनियमचे रिव्हेटही नकोत. पण ज्या वस्तूला वाचवायचं तिच्या बाजूला, उदाहरणार्थ गॅस्कोलेटरभोवती किंवा मॉड्यूलच्या पुढे, हलका ॲल्युमिनियमचा पत्रा छान काम देतो. रोटॅक्सच्या कार्ब्युरेटरखाली बसवायची तबकडी अशीच दुहेरी उपयोगाची: ओघळलेलं पेट्रोल गरम पाइपवर पडू देत नाही आणि खालून येणारी झळही अडवते. ती तबकडी आणि तिची निचऱ्याची नळी वजन वाचवण्यासाठी काढून टाकू नका.

काउलिंगच्या आतल्या बाजूला, टेलपाइपच्या समोर, पातळ सिरॅमिक कापड आणि त्यावर स्टेनलेसची किंवा ॲल्युमिनियमची फॉइल लावतात. कडा उष्णतारोधक सीलंटने पूर्ण बंद करा. उघड्या कडेतून तेल आत झिरपलं की ते कापड तेलाची वात होऊन बसतं. फायरवॉलवर काही लावायचं असेल तर इंजिनाच्या बाजूला लावा. केबिनच्या बाजूला चिकटवलेला फोम किंवा गालिचा आग लागल्यावर धूर ओकतो, आणि आगीत फायरवॉलची मागची बाजू लालभडक होऊ शकते. अमेरिकी नियमांत ०.३८ मिलिमीटरचा स्टेनलेस पत्रा फायरवॉलसाठी वेगळ्या चाचणीशिवाय मान्य होता. तो ज्वाळा अडवतो, उष्णता अडवत नाही.

पेट्रोलच्या होजवर चढवायची विटकरी-केशरी फायर स्लीव्ह हीसुद्धा आगीसाठी आहे. ती काचतंतूंची आणि सिलिकॉनची असते, २६० अंश सतत सोसते आणि सुमारे ११०० अंशांच्या ज्वाळेत १५ मिनिटं टिकण्याच्या हिशेबाने बनवलेली असते. सतत मिळणारी आच ती फक्त लांबवते. होज पाइपला खेटून जात असेल तर स्लीव्ह चढवून भागणार नाही, होजची वाट बदला.

पायरी ५: गुंडाळायची पट्टी, आणि ती का नको

पट्टी गुंडाळली की काउलिंगखालचं तापमान उतरतं, हे खरं आहे. पण उष्णता कुठेतरी जातेच, आणि इथे ती पाइपच्या धातूत राहते. उघडा पाइप झळ टाकून वायूपेक्षा बराच थंड राहतो, गुंडाळलेला वायूच्या तापमानाच्या जवळ जातो. विमानाच्या एक्झॉस्टची भिंत साधारण ०.९ मिलिमीटर जाडीची असते. शिवाय ४२५ ते ८५० अंशांच्या दरम्यान साध्या ३०४ स्टेनलेसमध्ये कार्बन आणि क्रोमियम कणांच्या सीमांवर एकत्र येतात, तिथलं क्रोमियम कमी होतं आणि गंज व तडे तिथूनच शिरतात. विमानांत ३२१ वापरतात ते म्हणूनच. त्यातलं टायटॅनियम कार्बनला आधीच बांधून ठेवतं. टर्बो असलेल्या इंजिनांत इनकोनेल, म्हणजे निकेलचा मिश्रधातू, येतं.

पट्टीखाली ओल साठते, तेल मुरतं, आणि सर्वांत वाईट म्हणजे तडा दिसत नाही. जी वस्तू दर वेळी डोळ्यांनी तपासायची, तिच्यावरच आपण पांघरूण घालतो. गाडीचा पाइप फुटला तर आवाज होतो आणि माणूस गॅरेजला जातो. इथे फुटलेल्या पाइपमधून निघणारी वायूची झोत-ज्वाळा इंजिन माउंटच्या नळीवर किंवा पेट्रोलच्या होजवर रोखलेली असते.

सिरॅमिक लेप हा मधला मार्ग आहे. पाहणीला तो आडवा येत नाही, झळ काही प्रमाणात कमी करतो. तरी फक्त बाहेरून दिलेला लेप धातूला जास्त गरमच ठेवतो. लावायचाच असेल तर आतून-बाहेरून दोन्हीकडे द्या, आणि वेल्डचं सगळं काम झाल्यावर द्या.

पायरी ६: पाइपला हलू द्या

ऑस्टेनिटिक स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादाच्या दीडपट वाढतं. एक मीटर पाइप ७०० अंशांनी तापला तर १२ ते १३ मिलिमीटर लांब होतो. त्याला जागा दिली नाही तर तो स्वतःच जागा करतो: फ्लँज वाकवून, स्टड सैल करून किंवा वेल्डच्या कडेला तडकून. म्हणून एकात एक सरकणारे स्लिप जॉइंट आणि गोल तोंडावर वळणारे बॉल जॉइंट असतात. थंड असताना स्लिप जॉइंटची नळी हाताने जराशी फिरायला हवी. बॉल जॉइंटच्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकींना टेकेपर्यंत दाबली गेली असतील, तर तो जोड अडकलेलाच समजा. जोडाच्या तोंडाला उष्णता सोसणारं अँटी-सीझ लावा आणि रोटॅक्ससारख्या ओढीच्या स्प्रिंगमधून लॉकवायर ओवा, म्हणजे स्प्रिंग तुटली तरी तुकडे प्रॉपेलरकडे जाणार नाहीत.

लांब टेलपाइपला आधार हवा, पण तो इंजिनाच्याच अंगाला बांधा. इंजिन रबरी माउंटवर हलतं, विमानाचा सांगाडा हलत नाही. एक टोक इंजिनाला आणि दुसरं फायरवॉलला बांधलेला पाइप काही तासांतच तुटू लागतो.

नट-बोल्टही इथे वेगळे लागतात. नायलॉनचं कडं असलेला लॉकनट साधारण १२० अंशांपर्यंतचा, एक्झॉस्टवर त्याचं काम नाही. कॅडमियमचा मुलामा दिलेल्या पूर्ण धातूच्या लॉकनटची हद्द २३० अंशांच्या आसपास असते. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं आणि खालच्या पोलादाला ठिसूळ करतं, म्हणून जास्त गरम जागी मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच नट वापरा. फ्लँजचं गॅस्केट प्रत्येक वेळी नवं घाला, आणि पहिल्या चालवण्यानंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासा.

पायरी ७: पाहणी

ही पायरी घाईत उरकू नये. चांगल्या उजेडात, आरसा आणि टॉर्च घेऊन, सगळे आडोसे काढून करावी.

खुणा करायला शिसपेन्सिल वापरू नका. पाइप तापला की ग्रॅफाइटमधला कार्बन धातूत मुरतो आणि त्याच रेषेवर पुढे तडा जातो. जस्ताचा मुलामा असलेली हत्यारं आणि जस्ताच्या तारा यांनाही हीच बंदी. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी हातात पेन्सिल घेऊन पाइपवर गोल काढणारे मेकॅनिक दिसतात. फेल्ट पेन किंवा निळा खडू चालतो. साध्या पोलादावर वापरलेला तारेचा ब्रश स्टेनलेसवर घासू नका, लोखंडाचे कण अडकून गंजाचे ठिपके येतात.

गळतीची खूण म्हणजे सपाट राखाडी किंवा काजळीची रेघ. शिसेयुक्त एव्हगॅस वापरत असाल तर फिकट पिवळसर किंवा पांढरट पावडरही दिसते. रेघेचं मूळ शोधा. ते बहुतेक वेळा फ्लँज, वेल्डची कड, क्लॅम्पखालची जागा किंवा स्लिप जॉइंट यांपैकी एक निघतं. एखादी जागा फुगलेली किंवा वेगळ्या रंगाची दिसली, तर तिथली भिंत पातळ झाली आहे.

मग हवेची चाचणी. व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू टेलपाइपला लावा, फट कापडाने बंद करा, आणि सगळ्या जोडांवर गंज न आणणारं साबणाचं पाणी शिंपडा. स्लिप जॉइंटवर थोडे बुडबुडे येणं ठीक. वेल्डवर किंवा सलग पत्र्यावर एकही बुडबुडा चालणार नाही.

मफलरच्या आत आवाज तोडणारे शंकू किंवा पडदे असतात. ते जळून सुटले की तुकडा टेलपाइपच्या तोंडाशी अडकतो आणि वायूची वाट कोंडते. इंजिनाची ताकद अचानक उतरते आणि माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो. टेलपाइपमधून टॉर्च मारून बघा आणि मफलरवर हाताने थाप द्या. खुळखुळलं तर उघडा.

आता केबिन हीटर. बहुतेक छोट्या विमानांत मफलरभोवती पत्र्याचं आवरण असतं आणि त्या दोहोंमधली तापलेली हवा केबिनमध्ये येते. मफलरला केसाएवढा तडा गेला तरी कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या श्वासात येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. २१ जानेवारी २०१९ रोजी ग्वेर्नसी बेटाजवळ इंग्लिश खाडीत पायपर मॅलिबू विमान कोसळून फुटबॉलपटू एमिलियानो साला गेला. ब्रिटनच्या एएआयबी या विमान अपघात तपास संस्थेने केलेल्या तपासात त्याच्या रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन ५८ टक्के निघालं, आणि वैमानिकावरही या वायूचा परिणाम झाला असण्याची शक्यता अहवालात नोंदवली गेली. विमानात आवाज करणारा डिटेक्टर नव्हता.

त्यामुळे ते आवरण दर वार्षिक तपासणीला आणि शक्यतो दर १०० तासांना पूर्ण काढून आतला मफलर बघा. केबिनमध्ये आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर ठेवा. ठिपका काळा पडणारं कार्ड स्वस्त असतं, पण त्याची मुदत संपते आणि डोकं जड झालेला माणूस कार्डाकडे बघत नाही. अलार्म वाजला तर हीटर बंद, ताज्या हवेचे झरोके उघडे, मिश्रण पातळ करता येत असेल तर करा, कारण पेट्रोल जास्त असलेल्या (रिच) मिश्रणात हा वायू जास्त बनतो, आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा. डोकं दुखायला लागेपर्यंत थांबू नका. हीटर नसलेल्या विमानालाही हा धोका आहेच, फायरवॉलमधल्या वायरींच्या भोकांमधून वायू येतो. ती भोकं बंद आहेत ना, हे याच वेळी बघून टाका.

टर्बो असेल तर

टर्बोच्या इंजिनावर वरचं सगळं आणखी कडक होतं. टर्बाइनच्या तोंडाशी तापमानाची हद्द बऱ्याच इंजिनांत ९०० अंशांच्या आसपास असते. पाइपमध्ये दाबही जास्त असतो, त्यामुळे गळती म्हणजे सरळ ज्वाळा. टेलपाइप धरणारा व्ही-बँड क्लॅम्प हा इथला कमकुवत दुवा. तो तुटून आगी लागल्यामुळे एफएएने २०२३ मध्ये अनेक तुकडे स्पॉट वेल्डने जोडलेल्या क्लॅम्पना ५०० तासांचं आयुष्य ठरवून दिलं. असा क्लॅम्प दिसायला धडधाकट असला तरी तासांची नोंद ठेवून बदला. नव्या माणसाने पहिलं विमान टर्बोचं बांधू नये असं माझं मत आहे, आणि त्याचं अर्धं कारण हे आहे.

पायरी ८: उतरल्यानंतर

इंजिन बंद झालं की वाहती हवा थांबते, पण पाइप, सिलिंडर आणि तेल अजून तापलेलेच असतात. पुढच्या १५ ते ३० मिनिटांत फ्युएल पंप, गॅस्कोलेटर आणि कार्ब्युरेटरची वाटी उड्डाणात होती त्यापेक्षा जास्त तापतात. नळीतलं पेट्रोल हलत नसल्यामुळे तिथेच उकळतं. उतरल्यावर चहापुरतं थांबून लगेच पुन्हा निघणाऱ्यांना इंजिन सुरू होत नाही किंवा टेकऑफला अडखळतं ते यामुळे.

टॅक्सी करताना जास्त पॉवर वापरू नका. शेवटी एक-दोन मिनिटं आयडलवर चालवा, टर्बो असेल तर मॅन्युअल सांगेल तितका वेळ, कारण टर्बाइनच्या बेअरिंगमधलं तेल तसंच थांबलं तर जळून कोळसा होतं. विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करा, तेल बघायचं झाकण उघडं ठेवा. बांधत असलेल्या विमानात काउलिंगच्या वरच्या भागात एखादं छोटं झडपेचं तोंड ठेवता आलं तर कोंडलेली धग आपोआप वर निघून जाते. पाऊस आणि टेकऑफ, दोन्ही वेळी ते बंद असलं पाहिजे.

गरम इंजिन पुन्हा सुरू करताना बूस्ट पंप (विजेवर चालणारा जादा पंप) असेल तर आधी तो चालवून नळीतली वाफ ढकला. परतीची नळी असलेल्या पेट्रोल यंत्रणेत वाफ टाकीकडे जाते, नसलेल्यात ती कार्ब्युरेटरमधूनच काढावी लागते, म्हणून जरा जास्त वेळ द्या. टेकऑफपूर्वी ब्रेकवर पूर्ण पॉवर देऊन अर्धा-एक मिनिट पेट्रोलचा दाब बघा. काटा थरथरत असेल तर परत फिरा, काउलिंग उघडा आणि तासभर जाऊ द्या.